पिटातले प्रेक्षक



मागच्या आठवड्यात धाकट्या बहिणीच्या मुलीचा फोन आला. ती आणि तिचा नवरा चार दिवसांसाठी लंडनला जाणार आहेत. म्हणाली, "मावशी, तू तिथे नाटक पाहिलं होतंस ना? मी तिकिटांचे दर बघितले आणि गारच पडले. स्वस्तात काही जमतं का गं?" मी म्हटलं, जमतं, पण फोनवर नको, लिहूनच टाकते. उत्तर तसं दोन ओळींचं आहे. पण त्यामागची हकिगत चारशे वर्षांची आहे, आणि तिच्यात माझी स्वतःची एक चूकही येते. इतिहासाच्या बाईंना प्रश्न विचारला की असंच होणार! :)

आम्ही गेलो होतो २०१४ च्या जुलैत. मुलगा तेव्हा बर्मिंगहॅमला होता. त्याच्याकडून तीन दिवसांसाठी आम्ही चौघं लंडनला गेलो. नाटकाच्या गावाला, म्हणजे सांगलीला, शिकलेली मी. लंडनला जाऊन नाटक न बघता परत येणं शक्यच नव्हतं. पण मोठ्या नाटकगृहांत बऱ्या जागेचं तिकीट साठ-सत्तर पौंड. पौंड तेव्हा साधारण शंभर रुपयांचा, त्यामुळे आमच्या यांना गुणाकार फार सोपा जायचा. चहा घेतला तरी हे मोठ्याने रुपये सांगायचे.

मुलाने आधी आम्हाला लेस्टर स्क्वेअरला नेलं. तिथे चौकातल्या बागेच्या कडेला तिकिटांची एक खिडकी आहे. वेगवेगळ्या नाटकगृहांतली न खपलेली तिकिटं तिथे कमी दरात मिळतात. लंडनच्या नाटकगृहांच्या संघटनेने ती १९८० साली सुरू केली. न्यूयॉर्कला टाइम्स स्क्वेअरमध्ये १९७३ पासून अशीच खिडकी होती. हिशेब साधा आहे. पडदा वर गेला की रिकाम्या खुर्चीची किंमत शून्य, मग ती निम्म्या दरात गेलेली काय वाईट? हिशेब पटला, पण निम्मे केले तरी माणशी तीस पौंडांच्या पुढेच. "चौघांचे बारा हजार!" असं म्हणून हे रांगेतून बाहेरच पडले.

तेव्हा सूनबाई म्हणाली, "आई, ग्लोबमध्ये पाच पौंडांत मिळतं. पण उभं राहावं लागतं." मी म्हटलं, पस्तीस वर्षं फळ्यासमोर उभी राहिले आहे, तीन तासांचं काय घेऊन बसलीस?

ग्लोब म्हणजे शेक्सपिअरच्या नाटकगृहाची प्रतिकृती. थेम्सच्या दक्षिण काठावर, मूळ जागेपासून जवळच, १९९७ साली ती सुरू झाली. सॅम वॉनामेकर या अमेरिकन नटाने तिच्यासाठी आयुष्याची कितीतरी वर्षं घातली आणि ती पुरी व्हायच्या आधीच, १९९३ साली, तो गेला. गोल लाकडी इमारत, वर गवताचं छप्पर, तेही फक्त कडेच्या सज्जांवर आणि रंगमंचावर. मधलं अंगण उघडं. रंगमंच त्या अंगणात पुढे आलेला आणि त्याच्या तिन्ही बाजूंना साधारण सातशे माणसं उभी. खाली बसायचं नाही आणि पाऊस आला तरी छत्री उघडायची नाही. कारण उघड आहे, मागच्याला दिसणार कसं?

नाटक होतं ज्युलियस सीझर. माझा शेक्सपिअर सगळा मराठीतून आलेला. आगरकरांचं विकारविलसित, देवलांचं झुंझारराव, शिरवाडकरांचं राजमुकुट. त्यामुळे जुनं इंग्रजी कळणार का ही धाकधूक होती. पण सीझरची गोष्ट माहीत होती, आणि आम्हाला फार विचार करायला कुणी सवडच दिली नाही. नट आमच्यातून वाट काढत ये-जा करत होते. रोमची जनता म्हणजे जणू आम्हीच होतो! सीझरच्या प्रेतापुढे अँटनी बोलायला लागला तेव्हा तो आमच्याकडे बघून बोलत होता, वर सज्जात बसलेल्यांकडे नाही. आजूबाजूचे लोक ओरडायला लागले आणि काय सांगू, मीही ओरडले. हे माझ्याकडे बघतच राहिले.

परत आल्यावर मी या उभ्या जागांबद्दल मिळेल ते वाचत गेले. त्यात एक प्रवासी भेटला. स्वित्झर्लंडमधल्या बाझल गावचा थॉमस प्लॅटर. हाही आमच्यासारखा पाहुणाच. २१ सप्टेंबर १५९९ रोजी दुपारी जेवण झाल्यावर तो नावेतून थेम्स ओलांडून गेला आणि गवताने शाकारलेल्या नाटकगृहात त्याने नाटक पाहिलं. कुठलं? ज्युलियस सीझर! ग्लोब त्याच वर्षी उभं राहिलं होतं, म्हणून अभ्यासक मानतात की त्याने पाहिला तो शेक्सपिअरचाच सीझर. या गृहस्थाने तिकिटांचे दरही लिहून ठेवले आहेत. खाली उभं राहायचं तर एक पेनी. बसायचं असेल तर दुसऱ्या दाराशी आणखी एक पेनी. आणि गादीवर, जिथून सगळं दिसतं आणि आपणही लोकांना दिसतो अशा जागी बसायचं तर तिसरी पेनी. हे "आपणही दिसतो" वाचून मला हसू आलं. ४०० वर्षांत माणूस काही बदलला नाही.

तेव्हाच्या लंडनमध्ये कुशल कारागिराला दिवसाला साधारण १२ पेनी मिळत. म्हणजे नाटक दिवसाच्या मजुरीच्या बाराव्या हिश्शात. शिकाऊ पोरं, हमाल, नावाडी सगळे तिथे येऊ शकत, आणि नटांच्या सगळ्यात जवळ तेच असत.

पुढे १६४२ साली यादवीच्या काळात नाटकगृहं बंद झाली. १६६० नंतर ती पुन्हा उघडली तेव्हा छपराखाली गेली. अंगणाच्या जागी बाकं आली आणि त्या भागाला म्हणू लागले पिट. स्वस्त जागा वर, छताजवळच्या गॅलरीत गेल्या. पिटात कोण बसे? वकील, विद्यार्थी, कारकून, दुकानदार, वर्तमानपत्रात लिहिणारे. नाटक जाणणारा आणि पडलं तर पडलं असं तोंडावर सांगणारा प्रेक्षक तो हाच. शिवाय एक रीत होती. तिसरा अंक संपल्यावर आलं तर निम्मे पैसे. दिवसभर दुकानात राबणाऱ्याला संध्याकाळी उशिरा का होईना, उरलेलं नाटक बघता यायचं. १७६३ साली चालकांनी ही सवलत काढायचा प्रयत्न केला तेव्हा लोकांनी नाटकगृहात मोडतोड केली आणि ती परत मिळवली.

पण खरी लढाई झाली १८०९ साली. कव्हेंट गार्डनचं नाटकगृह आदल्या वर्षी आगीत जळालं होतं. ते नवं बांधून १८ सप्टेंबर १८०९ ला उघडलं, ते मॅकबेथ नाटकाने. चालक आणि मुख्य नट जॉन केम्बल, लेडी मॅकबेथ त्याची बहीण सारा सिडन्स. त्या काळातली ही सगळ्यात मोठी नावं. पण बांधकामाचा खर्च काढायला पिटाचा दर ३ शिलिंग ६ पेन्सवरून ४ शिलिंग केला होता आणि बॉक्सचा ६ वरून ७. गॅलरीचा दर वाढवला नव्हता, पण तिथून आता नटांचे नुसते पाय दिसत. आणि एक अख्खा मजला श्रीमंतांना वर्षाच्या भाड्याने देण्यासाठी खासगी बॉक्स करून टाकला होता.

लोकांनी पहिल्याच रात्री मॅकबेथचा एक शब्द ऐकू दिला नाही. "जुने दर! जुने दर!" एवढंच. दंगलविरोधी कायदा वाचून दाखवला तरी कुणी हलेना. मग हे रोजचं झालं. लोक तिकीट काढून येत, रंगमंचाकडे पाठ करून उभे राहत, खुळखुळे वाजवत, फलक नाचवत, पायांनी ताल धरून नाचत. पुष्कळ जण निम्म्या दरात, तिसऱ्या अंकानंतर येत. आंदोलनालाही सवलत! केम्बलने पैलवान मुष्टियोद्धे आणून पिटात बसवले, त्याने लोक जास्तच चिडले. सगळंच काही कौतुकाचं नव्हतं. परदेशी गायिका आणि ज्यू मुष्टियोद्धे यांच्यावरून जे ओरडलं गेलं ते वाचायलाही बरं वाटत नाही. पण ६७ रात्री लोक हटले नाहीत. शेवटी डिसेंबरात केम्बलने माफी मागितली. पिटाचा दर पुन्हा ३ शिलिंग ६ पेन्स झाला आणि खासगी बॉक्स कमी करायचं ठरलं. बॉक्सचे ७ शिलिंग मात्र तसेच राहिले.

अर्धा शिलिंग! त्यासाठी ६७ रात्री. पण मला वाटतं प्रश्न अर्ध्या शिलिंगचा नव्हताच. हे नाटकगृह कुणाचं, हा प्रश्न होता.

हा विजय काही कायमचा ठरला नाही. १८८० च्या जानेवारीत हेमार्केट नाटकगृहात बँक्रॉफ्ट पतिपत्नींनी पिटच काढून टाकलं आणि तिथे महागड्या खुर्च्या मांडल्या. पहिल्या रात्री बराच वेळ आरडाओरडा झाला, पण या वेळी लोक हरले. हळूहळू रंगमंचाजवळच्या जागा सगळ्यात महाग झाल्या. आज आपल्याला तेच नैसर्गिक वाटतं.

आता माझ्या चुकीकडे येते.

पिट हा शब्द आपल्याकडेही आहे. मुंबईत ग्रँट रोडला १८४६ साली इंग्रजी धर्तीचं नाटकगृह झालं आणि १८५३ साली आमच्या सांगलीच्या विष्णुदास भाव्यांनी तिथे प्रयोग केले. बॉक्स, गॅलरी, पिट हे शब्द अशाच वाटेने आपल्यात आले असणार. पण मराठीत "पिटातला प्रेक्षक" ही शिवी झाली. शिट्ट्या मारणारा, अडाणी, अभिरुची नसलेला.

ही शिवी मी एका मुलाला दिली आहे. १९८६ सालचं शाळेचं स्नेहसंमेलन. मुलांनी बसवलेल्या ऐतिहासिक नाटुकल्यात महाराज आले आणि नववीतल्या एका मुलाने कडकडून शिट्टी मारली. मी त्याला सगळ्यांसमोर उभं केलं आणि म्हणाले, "हे शाळेचं संमेलन आहे. पिटातल्यासारखं वागायचं असेल तर घरी जा." तो गेला. पुढच्या वर्षीच्या संमेलनाला तो आला नाही. मी तेव्हा त्याला शिस्त लावल्याच्या समाधानात होते.

खरं म्हणजे मीही पिटातलीच. कॉलेजात असताना सगळ्यात स्वस्त तिकिटावर नाटकं पाहिली, तीही महिन्याच्या खर्चातून वाचवून. नोकरी लागली, पुढच्या रांगेत खुर्ची मिळायला लागली, आणि मी विसरले.

ग्लोबच्या अंगणात ओरडून झाल्यावर मला एकदम तो मुलगा आठवला. त्याने दुसरं काय केलं होतं? महाराज आले, त्याला आनंद झाला, त्याने तो कळवला. नाटक जिवंत ठेवणारं तेच तर असतं. तो आज कुठे आहे मला माहीत नाही. त्याचं नाव लिहीत नाही, पण कधी भेटलाच तर बाईंनी माफी मागायची राहिली आहे.

असो. तर चिरंजीव भाचीबाई, तुझं उत्तर. लेस्टर स्क्वेअरच्या खिडकीवर सकाळी जाऊन ये, नशीब असेल तर चांगलं मिळेल. काही नाटकगृहं त्याच दिवसासाठी थोडी स्वस्त तिकिटं राखून ठेवतात, तीही विचार. पण उन्हाळ्यात असशील आणि पाय धड असतील तर ग्लोबच्या अंगणातच जा. बुटांचा सोल जाड हवा, रेनकोट घे, छत्री घरी ठेव. थोडी लवकर जा म्हणजे रंगमंचाच्या कठड्याला टेकायला मिळेल. आम्हाला मिळाला होता, म्हणून माझे गुडघे वाचले.

आणि आवडलं तर खुशाल शिट्टी मार. मावशीची परवानगी आहे.