जुनी पद्मिनी आचके देतेय? कार्ब्युरेटर खोलण्याआधी हे तपासा

काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईच्या रस्त्यांवरून निवृत्त झाल्या, पण घरची पद्मिनी जपून ठेवणारे अजून बरेच आहेत. तुम्ही त्यातले असाल तर हा अनुभव नवा नसणार: सिग्नल सुटतो, तुम्ही पाय दाबता आणि गाडी दोन आचके देऊन बंद पडते. गॅरेजमध्ये पहिलं उत्तर ठरलेलं, "कार्ब्युरेटर खोलून साफ करू." जरा थांबा. जुने पितळी जेट तारेने कोरले की भोक मोठं होतं, आणि मग ती गाडी पुन्हा धड ॲव्हरेज देत नाही.

आधी बघा, गाडी नेमकी कधी अडखळते.

रेस देताच

थ्रॉटल उघडला की हवा झटकन आत शिरते, पेट्रोल मागे राहतं. ही तूट ॲक्सिलरेटर पंप भरून काढतो. गार इंजिन बंद ठेवून एअर फिल्टर काढा, कार्ब्युरेटरच्या तोंडात बघत लिव्हर हाताने फिरवा. पेट्रोलची बारीक पिचकारी लगेच उडाली पाहिजे. नसेल उडत तर पंपाचा डायाफ्राम फाटलाय किंवा त्याची वाट तुंबलीय.

चढावर किंवा वेगात

सपाटीवर ठीक, पण कसारा घाटात दम सोडते? चालत्या गाडीत चोक किंचित ओढा. सुधारली तर इंजिनाला पेट्रोल कमी पडतंय. आणखी बिघडली तर पेट्रोल जास्त होतंय; मग फ्लोटची सुई गळते का ते बघायचं.

कमी पडत असेल तर सुरुवात टाकीपासून करा. झाकण उघडताना हवा आत ओढल्याचा आवाज आला आणि त्यानंतर गाडी नीट चालली, तर झाकणाचं हवेचं भोक बंद आहे. खर्च शून्य! मग फिल्टर. मग इंजिनवरचा फ्युएल पंप: कार्ब्युरेटरकडची नळी काढून बाटलीत सोडा, कॉइलची बारीक वायर काढा आणि कुणाला तरी स्टार्टर मारायला सांगा. पेट्रोल धक्क्याधक्क्याने जोरात यायला हवं. हे गार इंजिनवर, मोकळ्या जागेत करा, आणि आसपास कुणी विडी-सिगारेट ओढत नाही ना ते बघा.

याच वेळी ऑइलची डिपस्टिकही काढून हुंगा. पंपाचा डायाफ्राम फाटला की पेट्रोल ऑइलमध्ये उतरतं. वास आला, किंवा पातळी आपोआप वाढलेली दिसली, तर ऑइल बदलेपर्यंत गाडी सुरू करू नका. बेअरिंगं जातील.

फक्त गरम झाल्यावर

उन्हाळ्यात ट्रॅफिकमध्ये पंपातल्या पेट्रोलची वाफ होते आणि पंप नुसती वाफच ढकलत बसतो. पंपावर ओलं फडकं ठेवायचा टॅक्सीवाल्यांचा उपाय आजही चालतो.

पण गरम झाल्यावर बंद पडणारी प्रत्येक गाडी पेट्रोलमुळे बंद पडत नाही. माझ्या गाडीचा कार्ब्युरेटर दोनदा साफ झाला, पैसे गेले, आचके तसेच. दोष निघाला डिस्ट्रिब्युटरच्या कंडेन्सरचा, जो गाडीतला जवळजवळ सगळ्यात स्वस्त पार्ट! म्हणून बंद पडल्याबरोबर एक प्लग काढून, कार्ब्युरेटरपासून लांब, ठिणगी बघा. निळी आणि कडक असेल तर पेट्रोलकडे वळा. पिवळट, मरतुकडी असेल तर कंडेन्सर, सीबी पॉइंट आणि कॉइल बघा.

फक्त आयडलिंगला

आयडल जेटमध्ये कचरा, नाहीतर कार्ब्युरेटरखालच्या गॅस्केटमधून हवा शिरतेय. आधी नट सारखे आवळून बघा.

आणि रबरी नळ्या

आता पंपावर २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असलेलं पेट्रोल मिळतं. जुन्या पद्मिनीचं रबर त्यासाठी बनलेलं नाही. ते फुगतं, मऊ पडतं, मग चिरतं, आणि त्याचे कण जेटमध्ये अडकतात. चिरलेल्या नळीतला थेंब गरम इंजिनवर पडला तर आग लागू शकते. सगळ्या नळ्या इथेनॉल चालणाऱ्या रबराच्या घ्या, क्लिपसकट. गाडी महिनोन् महिने उभी राहत असेल तर पेट्रोलमधलं इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं आणि ते तळाशी साचतं. अशी गाडी सुरू करण्याआधी टाकी रिकामी करून ताजं पेट्रोल भरा.