केवड्याची कुळकथा



फेब्रुवारी-मार्चात कधी पहाटे वाशीच्या फळबाजारात गेलात, तर नाशिक-सांगलीकडून आलेल्या द्राक्षपेट्यांच्या थप्प्या लागलेल्या दिसतील. पलीकडं न्हावा-शेवा बंदर. ते १९८९ साली सुरू झालं आणि पुढं आपली द्राक्षं गार कंटेनरमधून तिथूनच युरोपला जाऊ लागली. पेटीवर नाव थॉमसन असो, तास-ए-गणेश असो की सोनाका, घराणं एकच. पुढची दोन्ही थॉमसनमधूनच निवडलेली. चवीला गोड, बिनबियांची, गिऱ्हाइकाच्या पसंतीची. पण केवडा, म्हणजे आपण बोलताना ज्याला डाऊनी म्हणतो तो रोग आला, की त्याच्यापुढं टिकायची ताकद या घराण्याच्या अंगात नाही.

"मग प्रतिकारक जात का काढत नाहीत?" असं बागाईतदार विचारतात. रास्त प्रश्न आहे. त्याच्या उत्तरासाठी जवळजवळ दीडशे वर्षं मागं जावं लागतं.

आपण खातो त्या द्राक्षाचं मूळ पश्चिम आशिया आणि युरोपकडचं. केवड्याचं मूळ उत्तर अमेरिकेतलं. तिथल्या रानवेलींवर तो पिढ्यान्‌पिढ्या जगत होता, त्यामुळं त्या वेलींनी त्याला तोंड द्यायची सवय अंगी बाणवली. आपल्या द्राक्षाची नि त्याची कधी गाठच पडली नव्हती. ती माणसानं घालून दिली. फ्रान्समध्ये मुळांवरच्या फायलोक्सेरा किडीनं बागा बसवल्या, तेव्हा त्यावर उपाय म्हणून अमेरिकन खुंट आणले गेले. त्यांच्याबरोबर हा पाहुणा आला आणि १८७८ साली तो फ्रान्समध्ये ओळखला गेला.

पुढची गोष्ट पुष्कळांनी ऐकली असेल. १८८२ साली बोर्डो भागातून जाताना प्राध्यापक मिलार्दे यांना एक गंमत दिसली. सगळ्या बागेची पानं झडलेली, पण रस्त्याकडेच्या ओळी मात्र हिरव्यागार. चौकशी केली तर कळलं, वाटसरूंनी घड तोडू नयेत म्हणून त्या ओळींवर मोरचूद नि चुना शिंपडला होता. मिलार्दे यांनी प्रयोग केले आणि १८८५ साली बोर्डो मिश्रण जाहीर केलं. चोरासाठी केलेली युक्ती रोगाला लागू पडली!

आता हा रोग आत शिरतो कसा ते बघू, कारण पुढचं सारं त्यावरच आहे. पान ओलं राहिलं की त्याचे बीजाणू पाण्याच्या पातळ थरात अक्षरशः पोहतात आणि पानाच्या खालच्या अंगाच्या छिद्रांतून आत घुसतात. वर तेलकट पिवळा डाग, खाली पांढरी लव. आपण याला बुरशी म्हणतो, पण शास्त्राच्या दृष्टीनं त्याचं नातं शेवाळाच्या कुळाशी जवळचं. म्हणून भुरीला चालणारं गंधक इथं उपयोगी पडत नाही. रानवेलीत मात्र तो जिथं शिरतो तिथल्या पेशी स्वतःच झटकन मरतात. याला जिवंत पेशीच लागते, त्यामुळं तो उपाशी पडतो.

हा गुण आपल्या द्राक्षात आणायचे प्रयत्न फ्रान्समध्ये तेव्हापासूनच झाले. अडचण अशी की रानवेलीची ताकद घेतली की तिचा उग्र वासही मागं येतो. आपल्याकडची बंगलोर ब्ल्यू बघा. तिच्यात अमेरिकन रक्त आहे, आणि तिची वाट रसाकडं नि वाइनकडं जाते. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेची एआरआय ५१६ ही जातही अमेरिकन कटावबा आणि ब्यूटी सीडलेस यांच्या संकरातली. बुरशीजन्य रोगांना काटक, ११० ते १२० दिवसांत येणारी, रसाला उत्तम. लावावी अशीच आहे. फक्त वाशीच्या पेटीत ती थॉमसनची जागा घेईल, असं मनात धरू नका.

आणि प्रतिकारक जात मिळाली तरी केवडा गप्प बसत नाही. हंगेरीच्या बियांका या प्रतिकारक जातीवर मात करणारा केवड्याचा वाण सापडल्याचं २०१० साली युरोपातल्या संशोधकांनी नोंदवलं. औषधांचंही तेच. १९७७ च्या सुमारास मेटॅलॅक्झिल आलं. आंतरप्रवाही, जादूसारखं. १९८१ च्या आसपासच युरोपात त्याला न जुमानणारा केवडा दिसू लागला. पुढं स्ट्रोबिल्युरिन गटाची औषधं आली, त्यांचीही तीच गत झाली. २०१६ साली महाराष्ट्रातल्या बागांमधूनही तशी नोंद प्रसिद्ध झाली. शेजाऱ्यानं मारलं म्हणून आपणही तेच औषध पाचव्यांदा मारायचं, हा आपल्याकडचा रिवाज केवड्याच्या पथ्यावर पडतो, हे स्पष्ट सांगायला हवं.

नोव्हेंबर २००९ विसरून चालणार नाही. फयान वादळ ११ तारखेला अलिबाग-मुंबई किनाऱ्यावर आलं नि पाऊस आत घाटावर गेला. ऑक्टोबर छाटणीच्या बागा नेमक्या फुलोऱ्यात, कोवळ्या घडांत होत्या. पानावरचा केवडा एकवेळ आवरता येतो. घडात शिरला की वर्षाचं पीक हातचं जातं. त्या साली पुष्कळांचं गेलं. २०१९ च्या लांबलेल्या पावसानं तोच अनुभव पुन्हा दिला.

तेव्हा छाटणीनंतर झडलेली रोगट पानं बागेत कुजू देऊ नका, त्यात याचे सुप्त बीजाणू दडून राहतात. विरळणी करून वेलीत हवा खेळू द्या. फवारा पानाच्या खालच्या अंगाला पोचला पाहिजे. एकाच गटाचं आंतरप्रवाही औषध लागोपाठ नको, आणि ते मारताना जोडीला स्पर्शजन्य औषध हवं. निर्यातीचा माल असेल तर काढणीपूर्वी किती दिवस औषध बंद ठेवायचं, ते आधी विचारून घ्या. बोर्डो घरी करणार असाल, तर तयार मिश्रणात चकचकीत लोखंडी पातं थोडा वेळ बुडवून बघा. त्यावर तांबूस लेप चढला, तर चुना कमी पडलाय. चुन्याची निवळी आणखी घाला आणि पुन्हा पातं बुडवा.