किल्ल्याचे नाणे आणि आज्जीच्या डब्यातली शिवराई

गेल्या दिवाळीत मुलांच्या किल्ला स्पर्धेला बक्षीस काय द्यावे, यावर आमच्या मंडळाच्या बैठकीत बराच खल झाला. कोणी कंपासपेट्या म्हणाले, कोणी पुस्तके. शेवटी एका उत्साही सभासदाने रायगडाचे चित्र असलेले चांदीचे 'स्मारक नाणे' सुचवले आणि मोबाईलवर त्याचा फोटोही फिरवला. वस्तू देखणी होती, सर्वांना पसंत पडली. आम्ही मात्र मध्येच शंका काढली, की याला नाणे म्हणता येईल का? सरकारी नोकरीत वीस वर्षे काढली की कागदावरचा शब्द तपासायची खोड लागते. ती घरी आणि मंडळातही सुटत नाही.

शंका अगदीच पोकळ नव्हती. २०११ च्या नाणे कायद्याप्रमाणे नाणी पाडण्याचा अधिकार फक्त केंद्र सरकारचा. ती मुंबई, कोलकाता, हैदराबाद आणि नोएडा येथील टांकसाळींतून निघतात. सराफाच्या दुकानातून मिळते ते पदक. चांदी खरी असली तरी ते नाणे होत नाही. स्वतंत्र भारताचे पहिले स्मारक नाणे निघाले १९६४ साली, पंडित नेहरूंच्या स्मरणार्थ. शिवाजी महाराजांचे दोन रुपयांचे नाणे आले १९९९ साली. आमच्या पिढीने ते खिशात वापरले आहे. त्यावर महाराजांची छबी आहे, गड नाही. गड पाहायचा तर टपाल तिकिटाकडे वळावे लागते. १९८४ साली निघालेल्या चार किल्ल्यांच्या संचात ग्वाल्हेर, वेल्लोर आणि जोधपूरबरोबर आपला सिंहगड आहे. रोजच्या व्यवहारात म्हणाल तर पाचशेच्या नोटेवर लाल किल्ला आहेच.

पण किल्ला कोरलेले नाणे आमच्या घरातच निघाले, आणि तेही पोर्तुगिजांचे! आज्जीच्या देवघरात बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा असे. कॅसल रॉकपलीकडे गोव्यात आमचे नातलग होते. त्यांच्याकडून कधीतरी आलेला १९४७ चा गोव्याचा एक रुपया त्या डब्यात होता. भिंग लावून पाहिले, तर त्यावरच्या पोर्तुगालच्या ढालीच्या काठाने चिमुकले बुरूजबंद किल्ले मांडलेले दिसतात. ते सात. तेराव्या शतकात दक्षिण पोर्तुगालमध्ये मुसलमान सत्ताधीशांकडून जिंकलेल्या गढ्यांची ती खूण, असे परंपरा सांगते. म्हणजे हजारो मैलांवरच्या मध्ययुगीन किल्ल्यांची चित्रे घेऊन तो रुपया म्हापशाच्या बाजारात फिरला आणि शेवटी आमच्या देवघरात येऊन बसला.

त्याच डब्यात हळदकुंकवाने माखलेली तांब्याची एक जाड, वेडीवाकडी चकती होती. ती शिवराई. तिच्यावर चित्र म्हणून काहीच नाही. एका बाजूला तीन ओळींत 'श्री राजा शिव', दुसरीकडे 'छत्रपति', भोवती ठिपक्यांचे कडे. बस्स. आणि आमच्या मते रायगडाचे खरे नाणे हेच.

ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी, शके १५९६, म्हणजे ६ जून १६७४ रोजी रायगडावर राज्याभिषेक झाला. त्या राज्याभिषेकाचीच ही नाणी, सोन्याचा होन आणि तांब्याची शिवराई. होन पावणेतीन ग्रॅमच्या आसपासचा. अस्सल होन आज हाताच्या बोटांवर मोजण्याइतके दिसतात. आजूबाजूच्या सत्तांची नाणी फारसी अक्षरांची असताना ही अक्षरे नागरी आहेत, हे लक्षात घेण्यासारखे आहे. ज्या राजाने राज्यव्यवहारकोश करवून फारसी शब्दांना संस्कृत शब्द दिले, त्याच्या नाण्यावर दुसरी लिपी कशी असणार?

राज्याभिषेकाला इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झिंडेन हजर होता. तहाच्या कलमांत इंग्रजांचे एक मागणे असे होते, की कंपनीचे नाणे महाराजांच्या मुलखात चालावे. महाराजांनी बंदी घातली नाही आणि सक्तीही केली नाही. नाणे वजनाला व कसाला इतरांच्या बरोबरीचे असेल तर लोक आपण होऊन घेतील, पण ज्यात रयतेचे नुकसान होईल ते नाणे घ्यायला आपण तिला भाग पाडणार नाही, अशा अर्थाचे ते उत्तर होते. आमच्यासारख्या कारकुनी डोक्याला हे उत्तर एखाद्या लढाईइतकेच मोठे वाटते.

पुढची गोष्ट आणखी मजेची. पेशवाईत पुण्याचा अंकुशी रुपया निघाला. अंकुशाची खूण मराठ्यांची, पण त्यावरचा मजकूर फारसी आणि नाव दिल्लीच्या बादशहाचे! चांदीच्या व्यवहारात सावकारांना ओळखीचा शिक्का लागे, ते समजू शकते. तांब्यावर मात्र 'राजा शिव' कायम राहिले. भाजीवाली, हमाल, बाजाराला आलेला कुणबी यांच्या कनवटीला महाराज गेल्यानंतरही शेदीडशे वर्षे त्यांचेच नाव होते. १८१८ साली मन्रोने बेळगावचा किल्ला घेतला आणि पुढे त्याच्या शेजारी आपला कॅम्प वसला. राज्य गेले तरी शिवराई बाजारातून लगेच गेली नाही. शिवराई म्हणजे पैसा, हे समीकरण आमच्या पणजोबांच्या तोंडी होते.

ही नाणी हातोड्याने पाडलेली. तांब्याचा तुकडा तापवून दोन ठशांमध्ये धरायचा आणि वरून घाव घालायचा. ठसा तुकड्याहून मोठा, म्हणून एखादे अक्षर बाहेरच राहते. कुठे 'श्री' अर्धी, कुठे 'शिव' मधला 'व' गायब. लिहिण्याच्या तऱ्हाही अनेक, 'छत्रपति' आणि 'छत्रपती' दोन्ही सापडतात. मधे दोन आडव्या रेघा असलेली ती दुदांडी, आणि ती पेशवाईतली. नकली माल मात्र फार झाला आहे. ओतीव नाण्याची अक्षरे बोथट असतात आणि कडेला कधी साच्याची रेघ दिसते, तेवढे पाहावे.

आता कबुली देतो. डिप्लोमाला असताना आम्ही आज्जीची शिवराई चिंच आणि राख लावून घासली, समाधान होईना म्हणून तारेचा ब्रशही फिरवला. नाणे नव्या घागरीसारखे लखलखले. आज्जीला कौतुकाने दाखवायला गेलो, तर ती भिंग न लावताच म्हणाली, "अरे, यातला 'शिव' कुठं गेला?" तीनशे वर्षांच्या हाताळण्यातून टिकलेले अक्षर आम्ही एका दुपारी पुसले होते. तांब्यावरचा तो काळपट थर मळ नव्हता, धातूचे कवच होते, हे पुढे कळले. आज्जी गेली. ती चकती अजून डब्यात आहे. 'श्री राजा' वाचता येते, खाली नुसता चरा.

बैठकीत शेवटी असे ठरले, की चांदीचे पदकच द्यायचे, पण प्रमाणपत्रावर 'पदक' हाच शब्द लिहायचा. आमची आणखी एक सूचना मान्य झाली. यंदा अनंत चतुर्दशीच्या आदल्या संध्याकाळी आरतीनंतर मंडपात एक टेबल मांडले जाईल. कॅम्पातल्या जुन्या घरांतून ज्यांच्या देवघरात, हळदीकुंकवाच्या करंड्यात किंवा आज्जीच्या गाठोड्यात शिवराई असेल, त्यांनी ती आणावी. मुलांना भिंगातून अक्षरे वाचायला देऊ, वजन करू, आणि ज्याची त्याची ज्याच्या त्याच्या हाती परत करू. आणताना मात्र कृपा करून घासू नका. आहे तशी, हळदकुंकवासकट आणा.