बाबूराव पेंटरांचा कॅमेरा आणि हाताची विद्या

खरी कॉर्नरचा कॅमेरा स्तंभ आपल्यापैकी प्रत्येकाला ठाऊक आहे. कलामहर्षी बाबूराव पेंटरांनी कोल्हापुरात चित्रपटाचा पाया घातला, हेही आपण लहानपणापासून ऐकत आलो. मात्र तो कॅमेरा घडला कसा आणि तो घडवताना कोण कोणाकडून काय शिकलं, हा भाग सांगायचा राहून जातो. आपल्या बॅचमधले कितीतरी जण उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगावशी या ना त्या नात्याने बांधलेले आहेत. म्हणून स्मरणिकेसाठी काहीतरी लिहा, असा निरोप आला तेव्हा हाच विषय घ्यायचं ठरवलं.

बाबूराव कृष्णराव मिस्त्री यांचा जन्म १८९० साली कोल्हापुरात झाला. वडील कसबी कारागीर होते. शाळेचं शिक्षण बेताचंच झालं, चित्रकलेच्या कुठल्या विद्यालयातही ते गेले नाहीत. नात्यातले भाऊ आनंदराव यांच्याबरोबर ते नाटक कंपन्यांचे पडदे रंगवू लागले आणि त्या कामात दोघांचं नाव एवढं झालं, की 'मिस्त्री' मागे पडून 'पेंटर' हेच आडनाव झालं. पोट चालायचं ते रंग आणि कुंचल्यावर. यंत्रकाम हा त्यांचा धंदा नव्हता. आजच्या भाषेत त्यांना हौशी मशिनिस्ट म्हणावं लागेल.

१९१३ साली दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' आला आणि या दोघा भावांना चित्रपटाने झपाटलं. फाळक्यांनी इंग्लंडहून विल्यमसन कंपनीचा कॅमेरा आणला होता. कोल्हापूरच्या दोन पडदे रंगवणाऱ्यांना तसा खर्च झेपणारा नव्हता. त्यात १९१४ ला महायुद्ध पेटलं. तेव्हा कॅमेरा आपणच करायचा, असं त्यांनी ठरवलं.

हे म्हणणं केवढं धाडसाचं होतं, ते टर्नर-फिटरचं काम केलेल्यांच्या लगेच लक्षात येईल. कॅमेऱ्यात फिल्म सरळ वाहत नाही. एक चौकट भिंगासमोर येते, क्षणभर अगदी स्थिर थांबते, तेवढ्यात झडप उघडून मिटते, मग आकडा फिल्मच्या भोकांत शिरून तिला पुढे ओढतो. पस्तीस मिलिमीटरच्या फिल्मवर एका चौकटीला चार भोकं आणि एकूण १९ मिलिमीटर लांबी. त्या काळी हाताने दांडा फिरवायचा: सेकंदाला दोन फेरे, एका फेऱ्यात आठ चौकटी, म्हणजे सेकंदाला सोळा. दर वेळी फिल्म बरोबर १९ मिलिमीटरच सरकली पाहिजे. समजा, त्यात मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याची चूक राहिली. बारा फूट उंचीच्या पडद्यावर चित्र सुमारे दोनशे पटीने मोठं होतं, म्हणजे ती चूक तिथे दोन सेंटिमीटरची होते आणि चित्र थरथरायला लागतं. सुतारकामात एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग, इकडेतिकडे झालं तर सांभाळून घेता येतं. इथे सोय नव्हती. दात्यांचे कंगोरे, दांड्याचा खेळ, फिल्मवर दाब देणारी पट्टी, सगळं पुन्हा पुन्हा घासून, बसवून, काढून पाहायचं. असं काम पुस्तक वाचून येत नाही. कानस किती दाबायची, हे शेजारी उभं राहून दुसऱ्याच्या हाताकडे पाहतच कळतं.

१९१६ मध्ये आनंदराव अकाली गेले. कॅमेरा अजून पुरा झाला नव्हता. निम्म्या कामातला जोडीदार गेल्यावर असा उद्योग बंद पडतो, हे आपण कारखान्यांतही पाहिलं आहे. पण या दोघा भावांकडे चित्रकाम शिकायला आलेले एक तरुण होते, विष्णुपंत दामले. रंगकामाच्या जोडीने यंत्राचं कामही त्यांच्या अंगात मुरलं होतं. बाबूराव आणि दामले यांनी मिळून ते काम पुढे नेलं आणि १९१८ मध्ये कॅमेरा चालू झाला. महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली. राजर्षी शाहू महाराजांचा आश्रय लाभला. ७ फेब्रुवारी १९२० रोजी पुण्याच्या आर्यन थिएटरात 'सैरंध्री' लागला. कोल्हापुरात घडलेल्या कॅमेऱ्याने टिपलेलं चित्र लोकांनी पाहिलं.

पुढचा इतिहास तर आणखी बोलका आहे. त्याच सुमारास व्ही. शांताराम या कंपनीत दाखल झाले. त्याआधी त्यांनी हुबळीच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये काम केलं होतं. १ जून १९२९ रोजी दामले, फत्तेलाल, शांताराम, धायबर यांनी सीताराम कुलकर्णी यांच्यासह कोल्हापुरात 'प्रभात' काढली. बोलपट आल्यावर ध्वनिमुद्रणाची बाजू दामल्यांनी सांभाळली. यंत्राची भीती त्यांना कधीच वाटली नाही, कारण ती बाबूरावांच्या हाताखाली केव्हाच मोडली होती. १९३६ चा दामले-फत्तेलालांचा 'संत तुकाराम' व्हेनिसपर्यंत पोचला.

आपल्याच भागातलं दुसरं उदाहरण लक्ष्मणराव किर्लोस्करांचं. मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये ते चित्रकला शिकायला गेले, पण रंग नीट ओळखता येत नाहीत म्हणून यांत्रिक रेखाटनाकडे वळले. बेळगावात सायकलचं दुकान, मग लोखंडी नांगर आणि १९१० मध्ये किर्लोस्करवाडी. त्यांनी कुंचला सोडून लोखंड धरलं. बाबूरावांनी दोन्ही धरून ठेवलं.

आपल्या गावात तालमीत वस्ताद असतो. तो पोराला डाव सांगत बसत नाही, अंगावर घेऊन दाखवतो. धातुकामाची विद्याही तशीच आहे. आनंदरावांच्या हातात होती तेवढीच ती राहिली असती, तर १९१६ सालीच संपली असती. ती दुसऱ्याच्या हातात गेलेली होती, म्हणून कॅमेरा पुरा झाला.

मित्रमैत्रिणींनो, आता आपल्यातले बरेच जण निवृत्त झाले किंवा व्हायच्या बेतात आहेत. कुणी तीस-चाळीस वर्षं लेथवर काढली, कुणी फौंड्रीत साचे भरले, कुणी आवाजावरून इंजिनाचा दोष ओळखतो. सीएनसी मशिनवर काम करणारी आजची मुलं हुशार आहेत, पण टूल का बोंबलतंय हे कान देऊन ऐकायला त्यांना कुणीतरी शेजारी लागतं. आपल्या मागून आलेल्या किती जणांना आपण असं शेजारी उभं केलं? ज्यांच्याकडे घराच्या मागे छोटा लेथ किंवा शेगडा आहे, त्यांनी आठवड्यातला एक रविवार दोन मुलांसाठी राखून ठेवावा. शाळेची कार्यशाळा वापरायला मिळाली तर उत्तमच, आणि त्यासाठी मुख्याध्यापकांना भेटायला मी तयार आहे. स्नेहमेळाव्याच्या दिवशी ज्यांना यायचं असेल त्यांनी जेवणाआधी मला गाठावं.