नांगराने वाढवलेला बांध

दक्षिण इंग्लंडमधल्या खडूच्या टेकड्यांवर ऊन तिरपे झाले की गवताखाली दडलेल्या लहान चौकोनी शेतांचे बांध सावल्यांनी उठून दिसतात. तिकडे त्यांना ‘लिंचेट’ म्हणतात. मूळ शब्द जुन्या इंग्रजीतला ‘ह्लिंक’, म्हणजे उंचवटा. गोल्फच्या मैदानाचे ‘लिंक्स’ हे नावही त्याच कुळातले. सॅक्सन दानपत्रांत जमिनीच्या चतुःसीमा सांगताना हा शब्द वारंवार येतो. नाव सॅक्सनांनी दिले, पण चौकोनी शेतांचे हे बांध त्यांच्या कितीतरी आधीचे.

हे बांध बहुतेक ठिकाणी कोणी मुद्दाम रचलेले नाहीत, नांगरटीनेच ते वाढत गेले. नांगर लाकडी, माती उकरणारा पण न उलटणारा, आपल्याकडच्या देशी नांगराच्या जातीचा. त्याने उभी आणि आडवी अशी दुहेरी नांगरट करावी लागे, म्हणून शेत चौकोनी. उतारावर मोकळी झालेली माती दरवर्षी थोडी खाली सरके आणि खालच्या हद्दीशी साचे. काही ठिकाणी असा बांध माणसाच्या उंचीचा झाला. मध्ययुगातले बांध अरुंद आणि लांबलचक पट्ट्यांचे असतात, त्यामुळे दोन्हींची गल्लत सहसा होत नाही.

या साचलेल्या मातीत रोमन काळातली खापरे सापडतात. तिथे घरे असतील, अशी शंका कोणी घेईल. पण घराजवळची खापरे मोठी आणि एका जागी ढिगाने मिळतात. ही लहान, झिजलेली आणि शेतभर विखुरलेली आहेत. घरातले फुटके मडके उकिरड्यावर गेले आणि खताबरोबर शेतात आले, हाच त्यांचा सरळ अर्थ. मग ही शेते रोमनांनी आखली का? काही ठिकाणी त्या काळात नवी शेते पडली, हे खरे. पण अनेक शेतांची आखणी इ. स. ४३च्या रोमन स्वारीपूर्वी कित्येक शतके झालेली होती. शेत केव्हा कसले जात होते हे खापर सांगते, ते पहिल्यांदा कोणी आखले हे सांगत नाही. पुरातत्त्वज्ञ ओ. जी. एस. क्रॉफर्ड यांनी १९२०च्या दशकात विमानातून काढलेल्या छायाचित्रांवरून ही शेते ओळखली आणि त्यांना ‘केल्टिक’ म्हटले. तेही नाव अपुरे, आणि ‘रोमन’ म्हणणे तर अधिकच अपुरे. राज्य बदलले, धान्याचा वाटा मागणारा बदलला, पण कित्येक ठिकाणी कसणारा त्याच बांधाच्या आत नांगर धरून राहिला.

विसाव्या शतकातल्या यांत्रिक नांगरटीने यांतले असंख्य बांध सपाट केले. सॉल्झबरी प्लेन या तिथल्याच पठाराची जमीन १८९७पासून लष्कराने सरावासाठी घेतली. तिथे नवा नांगर फारसा फिरला नाही, म्हणून हे बांध आज तिथे उत्तम टिकून आहेत.