सुरी, कारखानी : मूळ-शोध

गुन्ह्यातील सुरी कोणी बनवली आणि कोठे विकली गेली, याचा तपास. लोहाराचा कोयता घडवणाऱ्याच्या हातावरून ओळखता येतो. पत्र्यातून साच्याने कापलेल्या हजारो पात्यांत तो हात नसतो. पात्यावरचा छाप, मुठीचे रिव्हेट, प्लॅस्टिकवर उमटलेला साचा-क्रमांक यांवरून फार तर कारखाना व नमुना कळतो. पुढे दुकानाची बिले आणि सीसीटीव्ही. नेमकी सुरी ठरते ती वापराच्या खुणांनी. जखमेत राहिलेले टोक पात्याच्या तुटक्या कडेशी जुळले, तर तो सर्वांत भक्कम पुरावा. धुतलेल्या सुरीतही पाते व मूठ यांच्या फटीत रक्त उरू शकते. अशा तपासणीसाठी कोल्हापुरात प्रादेशिक न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळा आहे.

आरोपीने सुरी काढून दिली, एवढ्याने भागत नाही. पुलुकुरी कोट्टया खटल्यात (१९४७) प्रिव्ही कौन्सिलने स्पष्ट केले, की त्यातून लपवण्याची जागा त्याला ठाऊक होती एवढेच सिद्ध होते. वार त्याच सुरीने झाला, हे स्वतंत्रपणे दाखवावे लागते. आरोपीने दिलेल्या अशा माहितीबाबतचे पुरावा कायद्याचे (१८७२) तेव्हाचे कलम २७ आता, १ जुलै २०२४ पासून, भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम २३ मध्ये आहे.