गौलीगुडा परिसर : हैदराबाद मुक्तिसंग्राम आणि अहिंसेची कसोटी

हैदराबाद शहरात मुसी नदीच्या उत्तरेस, कोठी व सुलतान बाजाराला लागून असलेली जुनी वस्ती. शेजारच्या सुलतान बाजारात १९३३पर्यंत ब्रिटिश रेसिडेंटचा अंमल असल्याने संस्थानाचा शासक निजाम याची बंधने तेथे तितकी जाचक नव्हती. सुलतान बाजारातील आर्य समाज आणि जांबबागेतील विवेकवर्धिनी शाळा यांच्यामुळे हा टापू मराठी मंडळींच्या सार्वजनिक जीवनाचे केंद्र बनला. शस्त्रधारी सत्तेपुढे अहिंसा टिकते का, या प्रश्नाची येथे दहा वर्षे परीक्षा झाली.

सत्याग्रह (१९३८-३९) : हैदराबाद स्टेट काँग्रेसवर स्थापनेपूर्वीच बंदी आली. २४ ऑक्टोबर १९३८ रोजी गोविंदराव नानल यांच्या तुकडीने सत्याग्रह सुरू केला. स्टेट काँग्रेसचे नेते स्वामी रामानंद तीर्थही तुरुंगात गेले. आर्य समाजाचा लढा त्याच सुमारास चालू असल्याने दोहोंची सरमिसळ होऊ नये, म्हणून गांधीजींच्या सल्ल्याने डिसेंबरात स्टेट काँग्रेसने सत्याग्रह स्थगित केला. नोव्हेंबरात वसतिगृहांत ‘वंदे मातरम्’ म्हणण्यास मनाई झाली, तेव्हा औरंगाबाद, हैदराबाद आदी ठिकाणच्या विद्यार्थ्यांनी संप केला. संपामुळे पटावरून नावे कमी झालेल्या या मुलांना नागपूर विद्यापीठाने प्रवेश दिला. पुढे पंतप्रधान झालेले पी. व्ही. नरसिंह राव त्यांपैकीच होत. बंदी १९४६मध्ये उठली.

रझाकारांचा काळ (१९४७-४८) : निजामाने भारतात सामील होण्यास नकार दिला. त्याच्या बाजूने लढणाऱ्या, लातूरचे वकील कासिम रझवी यांच्या रझाकार या सशस्त्र संघटनेने गावे लुटली, जाळली. तुरुंग भरून त्यांना आवर बसेना. म्हणून संस्थानाच्या सरहद्दीवर कार्यकर्त्यांचे सशस्त्र कॅम्प उभे राहिले. ३० जानेवारी १९४८ रोजी, गांधीजींची हत्या झाली त्याच दिवशी, कार्यकर्त्यांनी उमरीची बँक लुटून लढ्यासाठी पैसा मिळवला. ‘इमरोज’ या उर्दू दैनिकाचे संपादक शोएबुल्ला खान यांनी मात्र लेखणीच चालवली. ऑगस्ट १९४८मध्ये रात्री कचेरीतून घरी परतताना काचीगुड्याजवळ हल्लेखोरांनी त्यांचा हात तोडला व त्यांना ठार केले. १३ ते १७ सप्टेंबरच्या भारत सरकारच्या पोलीस कारवाईने संस्थान भारतात आले.

मूल्यमापन : सत्याग्रहाने भयग्रस्त प्रजेला संघटित केले आणि राजवटीचे नैतिक बळ खच्ची केले. परंतु त्याचा परिणाम घडायला वेळ लागतो, आणि रात्री घेरलेल्या गावाजवळ तो वेळ नसतो. अशा गावाने केलेल्या स्वसंरक्षणाला दोष देता येत नाही; भ्याडपणापेक्षा हिंसा बरी, असे गांधीजींचेही मत होते. दुसरीकडे, शस्त्रविजयानंतर उसळलेल्या सूडात भारत सरकारने पाठवलेल्या सुंदरलाल समितीच्या अंदाजाने २७ ते ४० हजार माणसे मारली गेली. त्यांत बहुसंख्य मुसलमान होते. म्हणूनच ‘अहिंसा अव्यवहार्य ठरली’ हा निष्कर्ष अपुरा आहे. बळाने रझाकार थोपवले, पण निरपराध शेजाऱ्याचा जीव वाचवण्यासाठी लागणारा संयम बळातून आला नाही. त्यासाठी अहिंसेचीच शिकवण हवी होती.